मुलांच्या नावाने

(नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सरकारला एखादे पुस्तक, नाटक किंवा चित्रपट नको असतो तेव्हा त्याला कारणांची वाण कधीच पडत नाही. कधी राष्ट्राची सुरक्षितता धोक्यात येते, कधी सार्वजनिक सुव्यवस्था, कधी कुणाच्या तरी भावना. या कारणांविषयी आपण सरकारशी भांडतो आणि अधूनमधून जिंकतोही. पण एक कारण असे आहे की ते उच्चारले गेले की सभागृहात शांतता पसरते. ते कारण म्हणजे मुले. "तुमच्या घरी मुले नाहीत काय?" असा प्रश्न आला की भलेभले लोकशाहीवादी खाली पाहू लागतात. म्हणूनच मी आज हे कारण निवडले आहे. ज्या युक्तिवादापुढे कुणी तोंड उघडत नाही, त्याची तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करतो. मी अश्लीलतेच्या व्यापाऱ्यांची वकिली करण्यास उभा राहिलेलो नाही. स्त्रीच्या देहाला माल बनवून विकणारा बाजार आणि त्या बाजारातून गबर होणारे धनिक यांच्याविषयी समाजवाद्यांच्या मनात प्रेम असण्याचे कारण नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. प्रौढांनी काय वाचावे व काय पाहावे हे ठरवण्याचा अधिकार सरकार मुलांच्या नावाने मागते. तो मिळाल्यावर मुलांचे रक्षण खरोखर होते काय? गेल्या सुमारे शंभर वर्षांचा आपला महाराष्ट्रातला अनुभव या प्रश्नाचे उत्तर देतो.

हा अनुभव रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यापासून सुरू करावा लागेल. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली त्यांची विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी गेली. १९२७ च्या जुलैमध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. ज्या गोष्टी घराघरांत घडत होत्या पण ज्यांचे नाव घेण्याची सोय नव्हती, त्यांविषयी वाचक त्यांना पत्रे लिहीत आणि कर्वे त्या प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे देत. या उत्तरांसाठी त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. लैंगिक प्रश्नांविषयी लिहिणे म्हणजे अश्लील लिहिणे नव्हे, एवढी साधी गोष्ट त्यांनी न्यायालयाला सांगितली. तरी खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला. आपल्याकडे अश्लीलतेच्या कायद्याचा बडगा बसला तो असा. तो एखाद्या कुंटणखान्याच्या मालकावर बसला नाही. शरीराचे ज्ञान देणाऱ्या एका गणिताच्या प्राध्यापकावर बसला.

हा कायदा आला कुठून? १८६८ साली इंग्लंडातील एका न्यायालयाने हिक्लिन खटल्यात अश्लीलतेची एक कसोटी घालून दिली. ज्यांची मने अनीतीच्या प्रभावाला बळी पडण्याजोगी आहेत आणि ज्यांच्या हाती ते लिखाण पडू शकते, त्यांना ते बिघडवील काय, असा प्रश्न न्यायाधीशाने विचारायचा. या कसोटीचा अर्थ नीट ध्यानात घ्या. पुस्तक लिहिले आहे कुणासाठी, वाचणार कोण, त्यात एकंदर काय म्हटले आहे, हे सारे गौण. समाजातला सर्वांत कच्चा, सर्वांत अल्पवयीन वाचक कल्पायचा आणि त्याच्या मापाने साऱ्या राष्ट्राचे कपडे बेतायचे! आणि त्या मूळ खटल्यातील पत्रक तरी कशाविषयी होते? रोमन कॅथलिक पंथातील पापनिवेदनाच्या प्रथेवर त्यात टीका होती. म्हणजे या कसोटीच्या जन्मापासूनच अश्लीलतेच्या नावाखाली वादग्रस्त मत दाबण्याची सोय तिच्यात होती.

आता नागपूरकरांना एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण या इतिहासात आपल्या शहराचे एक मोठे नाव आहे. न्या. मोहम्मद हिदायतुल्ला आपल्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. वकिली त्यांनी येथेच केली आणि १९५४ साली ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर या विषयातील दोन पायाभूत निकाल त्यांच्याच लेखणीतून उतरले. पहिला १९६४ चा. मुंबईतील एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानी पोलिसांनी बनावट गिऱ्हाईक पाठवले आणि डी. एच. लॉरेन्सची 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही कादंबरी विकली म्हणून त्याच्यावर खटला भरला. इंग्लंडमधील ज्युरीने १९६० सालीच त्या कादंबरीच्या प्रकाशकाला निर्दोष ठरवले होते. ज्या देशाने कसोटी निर्माण केली त्याने ती टाकून दिली, आणि चार वर्षांनी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्यात थोडी दुरुस्ती करून ती उचलून धरली! विक्रेत्याची शिक्षा कायम झाली. ती कसोटी आता वापरू नये असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे म्हटले ते २०१४ साली. मधली पन्नास वर्षे आपण एका काल्पनिक, बिघडू शकणाऱ्या बालकाच्या मापाने मोजले जात होतो.

हिदायतुल्लांचा दुसरा निकाल १९७० चा. ख्वाजा अहमद अब्बास यांनी चार महानगरांतील श्रीमंती आणि दारिद्र्य समोरासमोर ठेवणारा एक छोटा अनुबोधपट केला होता. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्ये होती. सेन्सॉर मंडळाने सर्वांसाठीचा दाखला नाकारला. तो हवा असेल तर दृश्ये कापा, असे सांगितले. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढे काय घडले हे पाहण्यासारखे आहे. खटला चालू असतानाच, काहीही न कापता सर्वांसाठी दाखला देण्याची तयारी सरकारने दाखवली. काल जे चित्र मुलांना अपायकारक होते ते आज निरुपद्रवी झाले. मुले तीच, चित्र तेच. मध्यंतरी बदलले एवढेच की सरकारला न्यायासनासमोर उभे राहून उत्तर द्यावे लागले. अब्बास मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी मूळ तत्त्वाचाच प्रश्न विचारला, आणि तेथे त्यांचा पराभव झाला. चित्रपट माणसाच्या भावना पुस्तकापेक्षा अधिक हलवतो, मुलांच्या व किशोरांच्या मनावर त्याचा ठसा खोल उमटतो, म्हणून त्याची पूर्वतपासणी घटनाबाह्य नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. हिदायतुल्लांच्या बाबतीत न्याय करायचा तर हेही सांगितले पाहिजे की त्याच निकालात त्यांनी सेन्सॉरला समज दिली. कलेतील लैंगिकता आणि अश्लीलता ही एकच गोष्ट नव्हे आणि मोजमाप करताना स्वातंत्र्याच्या बाजूला भरपूर जागा सोडली पाहिजे, असे त्यांनी म्हटले. मंडळांनी निकालातला अधिकार उचलला आणि समज तेथेच ठेवली.

या दोन निकालांच्या मधोमध १९६९ चा एक निकाल उभा आहे. तो आपल्या मराठीचा आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा आली. अश्लीलतेची फिर्याद झाली, आणि उच्च न्यायालयात लेखक व प्रकाशक दोषी ठरले. काकोडकर काही मर्ढेकर नव्हेत; त्यांच्या लेखनाला वाङ्मयीन मोठेपणाची ढाल नव्हती. लोकप्रिय कादंबऱ्या लिहिणारा, वाचनालयांतून हातोहात जाणारा हा लेखक. तरीही सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. सोडताना किशोरवयीन वाचकांचा प्रश्न टाळला नाही, तो सरळ हाताळला. अशा प्रकारचे प्रसंग वाचले एवढ्यावरून कोवळ्या वयाचा मुलगा भ्रष्ट होईल असे खात्रीने म्हणता येत नाही, आणि लैंगिकतेचा नुसता उल्लेख अश्लील ठरवला तर धार्मिक ग्रंथांखेरीज दुसरे पुस्तक विकता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. मुलांचे नाव घेतले गेले की पुरावा मागू नये, ही रूढी या निकालाने मोडली. 'बिघडतील' असे म्हणणे पुरेसे नाही, बिघडतात हे दाखवा, असे एका हलक्याफुलक्या दिवाळी कथेच्या निमित्ताने या देशात सांगितले गेले.

रंगभूमीवर मात्र ही रूढी मोडली नाही. १९७२ साली विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाईंडर' आले. कमलाकर सारंग यांनी ते बसवले. निळू फुले आणि लालन सारंग यांनी त्यात कामे केली. रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाने कात्री चालवली, सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्याच सुमारास आपल्या नागपूरचे नाटककार महेश एलकुंचवार यांचे 'वासनाकांड' अमोल पालेकरांनी बसवले, तर त्यालाही मंडळाची हरकत! ही नाटके बालनाट्ये नव्हती. त्यांच्या प्रयोगाला कुणी शाळेची सहल नेणार नव्हते. तिकीट काढून, वयाने व समजुतीने प्रौढ असलेले लोक ती पाहायला येत. अशा प्रेक्षकाला पोलीस कायद्याखालच्या नियमांनी आधी परवानगी घेतलेलेच नाटक पाहता यावे, ही व्यवस्था आहे. २०१६ साली पालेकरांना याच पूर्वतपासणीविरुद्ध पुन्हा उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. चाळीस वर्षांनी तोच माणूस, तोच प्रश्न.

येथे आपल्या विचाराच्या माणसाला एक प्रश्न सुचल्यावाचून राहत नाही. कात्री नेमकी कुणावर चालते? स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे ती उठली, पण वग लिहून आणा, तपासून घ्या, ही अट आली. ज्या कलेत दलित व भटक्या जातींतील स्त्रीपुरुषांच्या पिढ्यानुपिढ्या राबल्या, ती सुधारण्यासाठी समित्या बसल्या. २००५ साली राज्य सरकारने तरुण पिढी बिघडते म्हणून डान्सबार बंद केले. त्या कायद्यातील अपवादाचे कलम वाचा. तीन आणि त्यांहून अधिक तारांकित हॉटेले, जिमखाने, क्लब यांना ती बंदी लागू नव्हती! म्हणजे गरिबाच्या मुलाला बिघडवणारे नृत्य श्रीमंताच्या मुलाला बिघडवीत नाही, असा शोध आपल्या गृहखात्याने लावला. हजारो स्त्रियांची रोजी एका दिवसात गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती बंदी रद्द ठरवली, आणि हा भेदभाव त्या निकालाचे एक महत्त्वाचे कारण होते. मधल्या आठ वर्षांत त्या स्त्रियांच्या मुलांचे काय झाले, त्यांच्या शाळा सुटल्या की राहिल्या, हे कुणी मोजले? ती मुले नव्हती काय?

आणि ही हत्यारे एकदा हाती आली की ती ज्या कामासाठी मागितली त्याच कामाला वापरली जातात असेही नाही. वसंत दत्तात्रय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता एका बँक कर्मचारी संघटनेच्या मुखपत्रात १९९४ साली पुनःप्रकाशित झाली. गांधींच्या नावाने चाललेल्या दांभिकपणावर त्या कवितेचा रोख होता. फिर्याद अश्लीलतेची झाली, आणि एका कामगार संघटनेच्या मुखपत्राचा संपादक दोन दशके न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत राहिला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. शिक्षा झाली नाही हे खरे. पण वीस वर्षांचा खटला हीच शिक्षा नव्हे काय?

मित्रहो, आता मी दुसऱ्या बाजूकडे वळतो. कारण "मग मुलांचे काय?" हा प्रश्न तुमच्या मनात आहे, आणि तो रास्त आहे. मी तीस वर्षे याच शहरातील शाळांतून शिकवले. प्रजननाचा धडा आला की आम्ही शिक्षक काय करीत असू ते सांगतो. "हा धडा घरी वाचा" असे सांगून पुढच्या धड्यावर जात असू. मुले खाली माना घालून हसत, आणि आम्हाला सुटल्यासारखे वाटे. एके वर्षी सातवीतली एक मुलगी शाळा सुटल्यावर माझ्यापाशी आली. बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमचा मामा चांगला नाही." मी तिला म्हटले, "मोठ्या माणसांविषयी असे बोलू नये, बाळ." ती गेली. सहामाहीनंतर तिने शाळा सोडली. ती मला काय सांगायला आली होती ते त्या वेळी माझ्या डोक्यात आले नाही. पुष्कळ वर्षांनी, दुसरेच काही वाचत असताना आले. तिच्याजवळ त्या गोष्टीसाठी शब्द नव्हते आणि माझ्याजवळ ऐकण्याची तयारी नव्हती. आम्ही दोघेही सभ्य होतो. तिचा मामा त्या सभ्यतेच्या आडोशाने सुखरूप राहिला असेल.

हे मी दया मागण्यासाठी सांगत नाही. सेन्सॉरशाहीचा मुलांशी खरा संबंध कसा असतो ते यातून दिसते म्हणून सांगतो. जी गोष्ट बोलायची नाही ती गोष्ट मुलाला सांगता येत नाही; आणि जी सांगता येत नाही तिच्याविरुद्ध त्याला दाद मागता येत नाही. मौन मुलाचे रक्षण करीत नाही. ते रक्षण करते अत्याचार करणाऱ्याचे.

यावर कुणी म्हणेल की हा एकट्या शिक्षकाचा अनुभव झाला. तर मग २००७ हे साल घ्या. त्या वर्षी केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने बालकांवरील अत्याचारांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून तो केला होता. त्यांतील ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराची कबुली दिली, आणि निम्म्या प्रकरणांत अत्याचार करणारा मुलाच्या ओळखीचा, विश्वासातला होता. तो चित्रपटाच्या पडद्यावरून उतरला नव्हता, पुस्तकाच्या पानांतून आला नव्हता. तो घरात होता. आणि त्याच २००७ साली आपल्या महाराष्ट्रात काय घडले? शाळांतून किशोरवयीन मुलांना शरीराची व लैंगिक आरोग्याची माहिती देणारा कार्यक्रम येऊ घातला होता. विधिमंडळात गदारोळ झाला, संस्कृती बुडाल्याची हाकाटी झाली आणि सरकारने तो कार्यक्रम थांबवला. कारण अर्थातच मुलांचे रक्षण! कर्व्यांना शिक्षा करणारी मनोवृत्ती पाऊणशे वर्षांनी पुन्हा विधिमंडळात बोलली, आणि या वेळी तिने सर्व पक्षांच्या तोंडून बोलण्याचा पराक्रम केला.

मुलांवरील अत्याचारांना आळा घालणारा स्वतंत्र कायदा २०१२ साली आला. तो 'पॉक्सो' या नावाने ओळखला जातो. तो चांगला आहे. पण कायदा चांगला असून भागत नाही, तो राबवणारी दृष्टी लागते. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच नागपूर खंडपीठाने एक निकाल दिला. बारा वर्षांच्या मुलीच्या अंगाला कपड्यांवरून हात लावला, त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला नाही, म्हणून तो या कायद्याखालचा लैंगिक हल्ला ठरत नाही, असा तो निकाल. देशभर संताप उसळला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला प्रथम स्थगिती दिली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो रद्द केला. महत्त्व हेतूला आहे, कापडाला नाही, असे सांगितले. मी न्यायमूर्तींवर व्यक्तिशः टीका करीत नाही. मला दाखवायची आहे ती विसंगती. पडद्यावरच्या चुंबनाचे सेकंद मोजणारी, नाटकातील शिव्या मोजणारी ही व्यवस्था, मुलाच्या स्वतःच्या देहाचा प्रश्न आला की एका कापडाच्या जाडीपाशी अडखळते.

आता आजच्या परिस्थितीकडे येतो. मोबाइल आता मुलाच्या हाती आहे. पूर्वी दिवाळी अंक उशीखाली लपवावा लागे. आज साऱ्या जगाचा उकिरडा खिशात मावतो. आईबापांची काळजी खोटी नाही, आणि जो तिची थट्टा करील त्याला लोक ऐकणार नाहीत. पण सरकार यावर काय करते ते पाहा. २०१५ च्या जुलैअखेर ८५७ संकेतस्थळे एका हुकमाने बंद झाली. ओरड झाली आणि काही दिवसांतच हुकूम बराचसा मागे घेतला गेला. मार्च २०२४ मध्ये १८ आणि जुलै २०२५ मध्ये आणखी सुमारे २५ चित्रवाहिन्या व ॲप बंद झाली. त्यांतील पुष्कळांचा माल निकृष्टच होता, याविषयी माझा वाद नाही. माझा वाद पद्धतीशी आहे. माहिती-तंत्रज्ञान कायद्याखालचे २००९ चे नियम अशा हुकमांविषयी गुप्तता पाळावी असे सांगतात. काय बंद केले, का केले, कुणाचे म्हणणे ऐकून घेतले, हे नागरिकाला विचारण्याची सोय राहत नाही. आज अश्लील ॲप बंद झाले म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की त्याच कायद्याच्या त्याच कुलपाने उद्या शेतकरी आंदोलनाची बातमी बंद करता येते. आणीबाणी पाहिलेल्या पिढीला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

मग आमचे म्हणणे काय? ते तीन भागांत मांडतो, कारण या तीन गोष्टींची गल्लत हाच या विषयातला मुख्य घोटाळा आहे.

पहिली गोष्ट : ज्या चित्रणासाठी प्रत्यक्ष मुलाचा छळ झाला आहे ते चित्रण. ते साहित्य नव्हे, कला नव्हे, मतही नव्हे. तो एका गुन्ह्याचा पुरावा आहे आणि त्याचा प्रत्येक प्रसार हा त्या मुलावरचा नवा अत्याचार आहे. त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा कसलाही आधार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे चित्रण जवळ बाळगणे व पाहणे याविषयी कठोर भूमिका घेतली, आणि त्याला नावही अत्याचाराचेच द्यावे असे सुचवले, ते योग्यच झाले. येथे सरकारने जेवढी कडक कारवाई करावी तेवढी थोडी. दुर्दैव असे की या कामाला लागणारे पोलीस, तज्ज्ञ आणि न्यायालये अपुरी पडतात, आणि नाटकाच्या संहिता तपासायला मात्र माणसे मिळतात.

दुसरी गोष्ट : प्रौढांसाठीची सामग्री मुलांच्या हाती पडू न देणे. हे रास्त आहे. चित्रपटाला वयाची पायरी लावावी. २०२३ च्या दुरुस्तीने सात, तेरा आणि सोळा वर्षांच्या पायऱ्या आल्या, त्याला आमची हरकत नाही. आईबापांना आधी माहिती द्यावी, दारावर वय विचारावे. पण वय तपासण्याच्या निमित्ताने प्रत्येक प्रौढाची ओळखपत्रे कंपन्यांच्या आणि सरकारच्या कोठारात जमा होणार असतील तर तेथे सावध व्हावे. इंग्लंडात २०२५ पासून ही सक्ती सुरू झाली असून तेथेही याच प्रश्नावर वाद चालू आहे.

तिसरी गोष्ट : मुलांसाठी योग्य नाही म्हणून प्रौढांनाही बंदी. येथे आमचा ठाम नकार आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली अशा एका कायद्याविषयी म्हटले होते की हे डुक्कर भाजण्यासाठी घर पेटवून देण्यासारखे आहे, आणि त्यामुळे साऱ्या प्रौढ प्रजेला मुलांच्या वाचनापुरतेच वाचता येईल. मतदान करून सरकार बदलण्याइतके आपण प्रौढ आहोत, कर भरण्याइतके आहोत, सीमेवर मरण्याइतके आहोत. फक्त नाटक पाहण्याइतके नाही, असे म्हणणारे सरकार वस्तुतः प्रजेलाच अल्पवयीन ठरवते. आणि अल्पवयीनांच्या वतीने निर्णय घ्यायला पालक लागतो. सेन्सॉरशाहीचे अंतिम राजकारण या पालकत्वात आहे.

यातून मागण्या सरळ निघतात. नाटकाची पूर्वतपासणी महाराष्ट्राने रद्द करावी. चित्रपट मंडळाने वय ठरवावे, कात्री चालवू नये. श्याम बेनेगल समितीने २०१६ साली हेच सांगितले होते, पण २०२३ चा कायदा करताना सरकारने पायऱ्या घेतल्या आणि कात्रीही ठेवली. शिवाय निर्मात्यांना दाद मागण्यासाठी असलेले अपील न्यायाधिकरण २०२१ साली मोडीत काढले. तेही पुन्हा उभारावे. बंदीचा प्रत्येक हुकूम कारणांसह प्रसिद्ध व्हावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक शाळेत, मराठीतून, वयाला शोभेल अशा भाषेत शरीराचे शिक्षण सुरू व्हावे. ते देणाऱ्या शिक्षकाला संरक्षण मिळावे. १०९८ हा मदतीचा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असावा आणि त्यावर फोन केला असता दुसऱ्या टोकाला ऐकणारे माणूस असावे.

शेवटची मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे. सेन्सॉर मंडळ मुंबईत किंवा दिल्लीत बसते हे अर्धसत्य आहे. ते आपल्या घरात, आपल्या शिक्षक-खोलीतही बसते. त्या संध्याकाळी माझ्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलीला गप्प करण्यासाठी कोणत्याही सरकारी हुकमाची जरूर पडली नाही. मी एकटा पुरेसा होतो. आज ती मुलगी पन्नाशीच्या घरात असेल. तिची क्षमा मागण्याचा मार्ग मला उरलेला नाही. पण उद्या कुणाच्या तरी वर्गातील, कुणाच्या तरी घरातील मूल पुढे येऊन अडखळत काही सांगू लागेल. त्या वेळी खुर्ची पुढे ओढून त्याला बसायला सांगा आणि त्याचे सगळे म्हणणे ऐकून घ्या. मुलांच्या नावाने काही करायचे असेल तर त्याची सुरुवात तेथून होते.